एकमेकांवाचून अडलं पाहिजे: अमेरिकन हायस्कूलमधल्या ॲक्टिव्हिटीज आणि वंशापलीकडची मैत्री

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ऑगस्टमध्ये नववीत, म्हणजे हायस्कूलला जाणार. शाळा अमेरिकेतल्या एका उपनगरातली आणि कागदावर चांगली मिश्र. गोरी, कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई अशी सगळी मुलं तिथे आहेत. पण मिडल स्कूलच्या सगळ्या वर्षांत मुलीच्या मैत्रिणी मात्र भारतीयच राहिल्या. आईवडिलांना वाटतं की हायस्कूलमधल्या क्लब आणि खेळांमुळे हे वर्तुळ मोकळं व्हावं. तर कुठली ॲक्टिव्हिटी निवडावी, आणि त्यानं खरंच काही फरक पडतो का?

मी अमेरिकन पब्लिक हायस्कूलमध्ये आधी काउन्सेलर होते आणि आता बरीच वर्षं शाळेनंतरच्या कार्यक्रमांचं काम बघते. माझ्या मते फरक नक्की पडतो. मात्र तो क्लबच्या नावानं किंवा फोटोत दिसणाऱ्या रंगीबेरंगी चेहऱ्यांनी पडत नाही. त्या कामात मुलांचं एकमेकांवाचून अडतं का, यावर तो ठरतो. हे एवढ्यासाठी सांगते, की बहुतेक पालक पहिल्याच पायरीवर थांबतात: 'क्लबमध्ये सगळ्या प्रकारची मुलं आहेत ना? मग झालं.' तेवढ्यानं होत नाही.

मिश्र शाळा म्हणजे मिश्र मैत्री, हे गणित किती चुकतं बघा. 1990च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत किशोरवयीन मुलांचं एक मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात मुलांना आपापल्या मित्रमैत्रिणींची नावं लिहायला सांगितली होती. समाजशास्त्रज्ञ जेम्स मूडी यांनी त्या नावांवरून शाळाशाळांमधली मैत्रीची जाळी तपासली आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. शाळा जसजशी मिश्र होते तसतशी मैत्रीतली वंशानुसार फारकत आधी वाढते. मध्यम प्रमाणात मिश्र असलेल्या शाळांत ती सर्वांत जास्त दिसते. कारण समजायला अवघड नाही. आपल्यासारखी मुलं मूठभरच असतात तेव्हा इतरांत मिसळावंच लागतं. ती कॅफेटेरियातलं एक टेबल भरण्याइतकी झाली, की ते टेबल तयार होतं आणि मग तिथून कोणी उठत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच झालेलं असणार. यात तिचा दोष नाही, आणि त्या टेबलावरच्या दुसऱ्या कुणाचाही नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या शाळांच्या ॲक्टिव्हिटीजमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं खरोखर एकत्र होती, तिथे मैत्रीतली ही फारकत कमी होती. वर्गांपेक्षा ॲक्टिव्हिटीजकडे मी जास्त आशेनं बघते ते याचमुळे. हायस्कूलमध्ये वर्ग स्वतःच वेगळे पडत जातात. ऑनर्स (वरच्या पातळीचे) आणि एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) वर्ग एकीकडे, रेग्युलर दुसरीकडे. आपली मुलं सातवीपासून गणितात एक वर्ष पुढे असतात आणि त्यानंतर चार वर्षं तेच वीस-पंचवीस चेहरे तासातासाला बघतात. एकाच इमारतीत दोन शाळा चालतात म्हटलं तरी चालेल. तीन वाजता घंटा झाल्यावर हे वेळापत्रक मोडायची खरी संधी असते.

संधी असते म्हणजे ती साधली जातेच असं मात्र नाही. ड्यूक विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स क्लॉटफेल्टर यांनी शाळांच्या इयरबुकांमधली (वर्षाअखेर निघणाऱ्या छायाचित्रांच्या अंकांमधली) संघांची आणि क्लबांची छायाचित्रं घेऊन कुठल्या गटात कोण आहे याची मोजदाद केली होती. प्रत्येक गटात शाळेतल्या प्रमाणानुसार मुलं असती तर जेवढा संपर्क झाला असता, त्यापेक्षा प्रत्यक्षातला संपर्क कमी निघाला. म्हणजे क्लबसुद्धा वाटले गेलेले असतात. कुठला क्लब कोणाचा, हे नववीतल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. ते कुठे लिहिलेलं नसतं इतकंच.

यामागे इतिहासही आहे. 1957 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी लष्कराच्या बंदोबस्तात शिरले, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याच नऊ जणांना शाळेच्या खेळांत, बँडमध्ये, क्लबांत भाग घ्यायला मनाई होती, हे फारसं कोणी सांगत नाही. वर्गात बसू दिलं, बाकी शाळा बंदच ठेवली. शाळेचं शाळापण कुठे असतं हे त्या काळच्या व्यवस्थेला नेमकं माहीत होतं. सुप्रीम कोर्टानंही ते ओळखलं. 1968च्या ग्रीन खटल्यात, म्हणजे व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीच्या प्रकरणात, शाळाव्यवस्थेच्या अंगाअंगात वंशभेद कसा मुरला आहे हे सांगताना कोर्टानं विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, वाहतूक आणि इमारती यांच्या बरोबरीनं अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचंही नाव घेतलं. पुढे शाळा खरोखर एकत्र झाल्या का, हे तपासताना न्यायालयं याच सहा गोष्टी बघू लागली. तरीही जॉर्जियातल्या विलकॉक्स काउंटीत गोऱ्या आणि काळ्या मुलांचे प्रॉम (हायस्कूलच्या शेवटचे नाच-समारंभ) 2013 पर्यंत वेगवेगळेच होत होते. त्या वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांनीच पैसे जमवून पहिला एकत्र प्रॉम केला.

आता मूळ मुद्दा. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की दोन गटांतली माणसं नुसती भेटली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एकच हवं, ते गाठायला परस्परांचं सहकार्य लागावं, आणि वरच्यांचा, म्हणजे शाळेचा, कोचचा, पालकांचा याला उघड पाठिंबा हवा. 2006 मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र करून तपासले. संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो, असं त्यांना आढळलं. त्याच्याही आधी, 1979 मध्ये, रॉबर्ट स्लॅव्हिन आणि नॅन्सी मॅडन यांनी हायस्कूलमधले वेगवेगळे उपाय ताडून पाहिले होते. शिक्षकांच्या कार्यशाळा, वंशाविषयीच्या वर्गचर्चा, बहुवंशीय पाठ्यपुस्तकं यांचा परिणाम जेमतेम दिसला. वेगळ्या वंशाच्या मुलाबरोबर एखादं काम करणं किंवा एका संघात खेळणं, याचा परिणाम ठळक दिसला. दरवर्षी सभागृहात भाषण ठेवून आपलं काम झालं असं मानणाऱ्या शाळांना मी हे आवर्जून सांगते.

मग कुठली ॲक्टिव्हिटी? शाळेत मार्चिंग बँड (मैदानावर चालत, आकृत्या करत वाजवणारा वाद्यवृंद) असेल आणि मुलगी कुठलंही वाद्य वाजवत असेल, तर माझं पहिलं मत बँडला. बँडमध्ये राखीव बाकावर कोणी बसत नाही. मैदानावर उभं राहिलेलं प्रत्येक मूल आकृतीतला एक ठिपका असतं, आणि एक जण पाच पावलं चुकला की सगळी ओळ वाकडी दिसते. शिवाय विभागणी वाद्यानुसार होते. क्लॅरिनेटवाल्यांना क्लॅरिनेटवाल्यांबरोबरच उन्हात तासन् तास काढावे लागतात, बाजूचा कोणत्या घरातला याला महत्त्व उरत नाही. शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यांत वाजवणं, स्पर्धांचे लांबचे बसप्रवास, गणवेश घालताना एकमेकांना करायची मदत, यातला बराच वेळ कोणी काही शिकवत नसतं. मैत्री त्याच रिकाम्या वेळात होते. आपल्याकडची मुलं बहुधा बँडऐवजी ऑर्केस्ट्रात असतात, कारण लहानपणापासून व्हायोलिनची खासगी शिकवणी लावलेली असते. ऑर्केस्ट्रा वाईट नाही, पण ज्यांना शिकवणी परवडली तीच मुलं पुढच्या खुर्च्यांवर बसतात. तिथे दर्जा आधीच ठरलेला असतो.

नाटकात अभिनयासाठी ऑडिशन असते, पण स्टेज क्रू जवळजवळ कोणालाही घेतो. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगकाम ही कामं बहुतेक मुलांना सारखीच नवीन असतात. कोणाच्या घरी त्याची शिकवणी झालेली नसते. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, आणि दिवा वेळेवर लागला नाही तर रंगमंचावरचा प्रत्येक जण अंधारात राहतो. एकमेकांवाचून अडणं म्हणजे काय, हे मुलांना इथे समजावून सांगावं लागत नाही.

खेळांमध्ये क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची शर्यत) आणि ट्रॅकची (धावपट्टीवरच्या शर्यतींची) शिफारस मी जास्त करते. बहुतेक शाळांत त्यांतून कोणाला वगळत नाहीत. क्रॉस कंट्रीत संघाचे गुण पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करून काढतात, बेरीज कमी तो संघ जिंकतो. म्हणून सगळ्यात वेगवान मुलीलाही आपली पाचवी मैत्रीण कुठवर पोचली याची काळजी असते. ट्रॅकमध्ये रिले आहे, आणि बॅटन देण्याचा सराव परक्यासारखं राहून होत नाही. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर यांच्या ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवड चाचणीत, आठवीपर्यंत खासगी क्लब टीममध्ये खेळलेली मुलं पुढे निघून जातात. मुलगी आधीपासून खेळत असेल तर जरूर जाऊ दे, एरवी त्या हट्टाला पेटू नका.

रोबोटिक्सबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रश्न विचारणाऱ्या घरांत तोच पर्याय आधी ठरलेला असतो. तिथे कामं वाटली जातात: कोडिंग, यांत्रिक बांधणी, वायरिंग, प्रायोजक शोधणं, प्रसिद्धी. बघता बघता कोडिंग भारतीय आणि चिनी मुलांकडे, बांधणी गोऱ्या मुलांकडे, आणि उशिरा आलेल्या कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो मुलांकडे पोस्टर आणि सामान हलवणं. कोणी दुष्टपणे हे करत नाही. 'तुला हे येतं ना, मग तूच कर', इतकंच कोणीतरी म्हणतं. पण अशा संघात मुलं वर्षभर एका खोलीत राहूनही आपापल्या समजुती पक्क्याच करून घेतात. एलिझाबेथ कोहेन आणि सुझन रोपर यांनी 1972 मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. नुसतं एकत्र बसवलं तर गोरी मुलं पुढाकार घेतात आणि काळी मुलं मागे राहतात, हे आधी दिसलं होतं. म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायला शिकवलं आणि मग त्यांनाच गोऱ्या मुलांचे शिक्षक केलं. कोण हुशार, कोणाला काय येतं, या दोन्ही बाजूंच्या अपेक्षा अशा हलवल्या, तेव्हा पुढच्या एकत्र कामात बरोबरी दिसायला लागली. रोबोटिक्सच्या मेंटरना मी हेच सुचवते: नवीन यंत्र आलं की ते आधी अशा मुलाला शिकवा ज्याच्याकडून कोणी काही अपेक्षा करत नाही, आणि बाकीच्यांना त्याच्याकडून शिकू दे. ज्या शाळेत मेंटर हे करतो तिथे रोबोटिक्स उत्तम.

मॅथ टीममध्ये मुलं शेजारी बसून आपापला पेपर सोडवतात. ते गणितासाठी ठीक, मैत्रीसाठी नाही. डिबेटमध्ये काही प्रकार जोडीनं होतात, पण जोडीदार स्वतः निवडायचा असेल तर आपली मुलगी आपल्याच मैत्रिणीचा हात धरते. कोच जोड्या लावत असेल तर मात्र डिबेटसारखं दुसरं काही नाही. दोघांना एकच बाजू मिळून लढवायची असते आणि एकाच्या भाषणातली भोकं दुसऱ्यालाच बुजवावी लागतात. ऑनर सोसायटीसारख्या (चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांच्या मंडळासारख्या) गोष्टी कॉलेजच्या अर्जासाठी करायच्या तर करा.

स्वयंसेवेच्या क्लबांबद्दल मला काळजी वाटते आणि ती लपवत नाही. शनिवारी दुसऱ्या वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाणं, जेवणाची पाकिटं वाटणं ही चांगली कामं आहेत. पण यात आपलं मूल कायम देणारं आणि समोरचं कायम घेणारं असतं. त्या वयात एवढीच भेट झाली तर 'ती मुलं बिचारी असतात' हीच समजूत मनात बसते. समान दर्जा नसलेली भेट अपाय करू शकते. सेवा करायची असेल तर तिच्या जोडीला अशी एक जागा हवी जिथे त्याच वंशाचा एखादा मुलगा तिचा सेक्शन लीडर (बँडमधल्या वाद्यगटाचा प्रमुख) असेल आणि तिला त्याचं ऐकावं लागेल.

आता दाराबाहेर राहिलेल्या मुलांबद्दल. तुमची मुलगी क्लबमध्ये गेली आणि तिथे वेगळ्या वंशाचं कोणीच नसलं, तर हे सगळं फोल आहे. आणि नसण्याची कारणं बहुतेक वेळा आवडीनिवडीची नसतात. दूरच्या वस्तीतून स्कूल बसनं येणारी मुलं घंटा होताच त्याच बसनं परत जातात. सरावानंतर सुटणारी उशिराची बस नसेल तर त्यांच्यासाठी क्लब अस्तित्वातच नाही. बजेट कापायची वेळ आली की पहिला घाव याच बसवर पडतो. काही मुलांना धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, काही नोकरी करतात. फी आहेच. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये हार्टझेल खटल्यात ठरवलं की पब्लिक शाळांना ॲक्टिव्हिटीजसाठी फी लावता येणार नाही, पण इतर अनेक राज्यांत एकेका खेळाचे शेकडो डॉलर घेतात. फी माफीचा अर्ज असतो. तो शरमेपोटी भरला जात नाही, किंवा फक्त इंग्रजीत असल्यानं घरी समजतच नाही. गुणांची अटही असते. टेक्सासनं 1984 मध्ये नापास मुलांना खेळ आणि स्पर्धांपासून लांब ठेवणारा कायदा केला, आणि इतर ठिकाणीही तसे नियम आहेत. ज्या मुलाला शाळेशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट बँड किंवा फुटबॉल असते, त्याची तीच गोष्ट आधी काढून घेतली जाते. मला हे चुकीचं वाटतं.

पालक म्हणून इथे तुमच्या हातात बरंच आहे. बूस्टर क्लबच्या (ॲक्टिव्हिटीसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या गटाच्या) बैठकीला जा. तिथे जमणारे पैसे हुडीवर जातात की उशिराच्या बसवर, हे विचारा. स्कूल बोर्डाच्या बजेट चर्चेत एका पालकानं ठामपणे मागितलेली बस कोचच्या दहा विनंत्यांपेक्षा जास्त ऐकली जाते.

कोच कसा आहे हेही बघा. डिसेंबर 2018 मध्ये न्यू जर्सीत एका कृष्णवर्णीय कुस्तीपटूला पंचानं सांगितलं, केस काप नाहीतर सामना सोड. भर सामन्यात त्याच्या जटा कापल्या गेल्या आणि आसपासच्या मोठ्यांपैकी कोणी ते थांबवलं नाही. वर्षभरानं त्या राज्यानं केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी करणारा कायदा केला. पण त्या संघातल्या इतर मुलांनी त्या दिवशी काय शिकलं असेल याचा विचार करा. ऑलपोर्ट यांची चौथी अट, वरच्यांचा पाठिंबा, ती हीच. पहिल्या पालकसभेत कोचला विचारा: प्रवासात खोल्या आणि बसमधल्या जागा कशा ठरतात? कॅप्टन कसा निवडता? कोणी वंशावरून टोमणा मारला तर काय करता? तिसऱ्या प्रश्नावर 'आमच्याकडे असं होत नाही' हे उत्तर आलं तर सावध व्हा. चांगला कोच शेवटचा प्रसंग कधी घडला आणि आपण काय केलं ते सांगतो.

एका गोष्टीची अपेक्षा बेतानं ठेवा. मैदानावरची मैत्री मैदानाबाहेर आपोआप येत नाही. इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या संघांत मुस्लिम खेळाडू घालून सल्मा मूसा यांनी केलेला प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू आपल्या मुस्लिम सहकाऱ्यांशी जिव्हाळ्यानं वागू लागले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबाबत त्यांचं वागणं फारसं बदललं नाही. अमेरिकन शाळांतही मी तेच बघते. सीझन संपला की टेबलं पुन्हा जुनीच. ती मैत्री घरापर्यंत आणायचं काम शाळा करू शकत नाही. ते तुमचं.

आणि इथे मी आपल्या लोकांशी स्पष्ट बोलते. आपल्या कारपूलमध्ये फक्त देसी मुलं असतात. वाढदिवसाला बोलावणी महाराष्ट्र मंडळातल्या घरांना जातात. कृष्णवर्णीय मुलांबद्दल आपण मराठीत, त्यांना कळत नाही म्हणून, जे बोलतो ते आपल्या मुलीला नीट कळतं. 'ती मुलगी चांगली आहे, पण तिच्या घरी जाऊ नकोस' या वाक्यानं बँडमधल्या एका अख्ख्या सीझनचं काम धुऊन निघतं. सरावाहून येताना ज्या मुलीला घरी सोडायला कोणी नाही तिला तुमच्या गाडीत घ्या. तिच्या आईशी फोनवर दोन मिनिटं बोला, जेवायला थांबवून घ्या. आणि तिच्या घरून बोलावणं आलं तर आपली मुलगी पाठवा.

शेवटी, भारतीय मैत्रिणींचं काय? ते टेबल मोडू नका. बॉलिवूड डान्स टीम किंवा साउथ एशियन क्लबमध्ये तिला स्वतःचं नाव समजावून सांगावं लागत नाही, डब्यावरून कोणी नाक मुरडत नाही. असा विसावा ब्लॅक स्टुडंट युनियनमधल्या मुलांनाही हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. अशी जागा असलेली मुलं बाहेर जास्त धीटपणे वावरतात, असा माझा अनुभव आहे. फक्त आठवड्याचे सगळे दिवस त्याच क्लबला देऊ नका. एक देसी ॲक्टिव्हिटी, एक जिथे तिला अनोळखी मुलांवर विसंबून राहावं लागेल अशी, आणि तिसरी नको. दोनच असल्या तर ती सरावानंतर दहा मिनिटं रेंगाळू शकेल.

ऑगस्ट आता जवळ आला आहे. बँड कॅम्प आणि क्रॉस कंट्रीचा उन्हाळी सराव शाळा उघडण्याच्या काही आठवडे आधीच सुरू होतो, आणि नववीतल्या मुलांची नावं बहुधा आठवीच्या वसंतातच घेतात. ती वेळ टळली असेल तरी शाळेच्या ॲक्टिव्हिटीज ऑफिसला या आठवड्यात ईमेल करा, बहुतेक जण उशिरा आलेल्यांनाही सामावून घेतात. खेळासाठी डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म लागेल, त्याची अपॉइंटमेंट आजच घ्या, कारण जुलैअखेर ती मिळत नाही. आणि तिची देसी मैत्रीण त्याच ॲक्टिव्हिटीला यायचं म्हणत असेल तर येऊ दे, पण दोघी वेगवेगळ्या सेक्शनमध्ये जातील एवढं बँड डायरेक्टरला आधीच सांगून ठेवा.